पोस्टरवरची आई

सिनेमा बनवणं सोपं आहे, तो माणसांना दाखवणं अवघड, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. ऐकायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही.

माझा सिनेमा सव्वा तासाचा आहे. त्यात एक बाई सकाळी मेथी उपटता उपटता उठते, कुणाला काही न सांगता स्टँडवर जाते, समोर उभी असेल त्या बसमध्ये बसते आणि संध्याकाळी शेवटच्या गाडीनं परत येते. बस्स, एवढंच. मारामारी नाही, गाणं नाही, कुणी मरतही नाही.

त्या बाईचं काम माझ्या आईनं केलंय, आणि गोष्टही तिचीच आहे. आमचं गाव साखरखेर्ड्याच्या जवळ, घरची शेती भाजीपाल्याची. मेथी, वांगी, कोथिंबीर, आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकलं तर काकडी. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीत मी मामाकडे गेले होते आणि इकडे आई एक दिवस अशीच उठून गेली. भांडण नव्हतं. सासुरवास म्हणावा तर सासू तोवर थकून एका जागी बसली होती. आपण उठून गेलो तर घरात कुणाला समजेल तरी का, एवढंच तिच्या मनात आलं. ती साखरखेर्ड्याच्या स्टँडवर बसमध्ये बसली, हिवरा आश्रमला उतरली, तिथं आश्रमाच्या पंगतीत जेवली, झाडाखाली आडवी झाली आणि परत आली. घरी पोचली तेव्हा बाबा सकाळचंच वरण घेऊन जेवत होते. त्यांनी मान वर केली, "वरणात मीठ कमी हाय," म्हणाले आणि मान पुन्हा खाली घातली.

"कुठं गेली होती, हे तुह्या बाबाईनं इचारलंच नाही," आईनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी वांगी निवडत होतो. "त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आजपावतर नाही."

हे ती रडून सांगत नव्हती. किडकी वांगी बाजूला टाकत टाकत सांगत होती. पण तिला त्या प्रश्नाची अजून वाट आहे, हे मला तेव्हाच कळलं. सिनेमा मी त्याच आठवड्यात लिहायला घेतला. आईकडे फक्त तिच्या दिवसाची हकीकत होती. त्या दिवशी नवरा काय करत होता ते तिला माहीत नव्हतं, तेव्हा ते मी लिहिलं. माझ्या सिनेमातला नवरा पारावर पत्ते खेळतो, दुपारी ताणून देतो, उठल्यावर चहासाठी ओरडतो, आणि चहा आला नाही तरी बायको घरात नाही हे त्याच्या लक्षात येत नाही. असे नवरे मी पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे लिहायला काही जड गेलं नाही.

बाईच्या कामासाठी आधी नागपूरची एक नटी ठरली होती. चांगली होती बिचारी, पण मेथीची जुडी अशी धरायची की कुणी तिला लग्नात हातात गुच्छ दिलाय. आई कॅमेऱ्यामागं उभी राहून तिला शिकवत होती. शेवटी कंटाळून म्हणाली, "सरक बाई, मीच करतो." तेव्हापासून काम तिचं झालं. नवऱ्याचं काम बाबांना विचारलं, तर ते मोटर चालू करायला निघून गेले. मग ते गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी केलं.

सिनेमा पुरा झाला तेव्हा आईचं म्हणणं एकच होतं. "बाकीचं जग पाहो का ना पाहो. तुह्या बाबाईनं पाह्यला पाह्यजे. मंग तं समजीन त्याईले, मी त्या दिवशी कुठं होती."

आता हे वाक्य जगातल्या कुठल्याही दिग्दर्शकाला ऐकवा, त्याच्या छातीत धस्स होईल. मी एवढा खटाटोप केला, आणि माझ्या नटीला प्रेक्षक हवा एकच. तोही घरातलाच, आणि तो तयार नाही. मी लॅपटॉप लावला तर बाबांना रानात पाणी द्यायचं असायचं. मोबाईलवर दाखवते म्हटलं तर चष्मा सापडायचा नाही. ते नाही असं कधी म्हणाले नाहीत, फक्त जागेवर राहिले नाहीत.

तोवर मी दुसऱ्या प्रेक्षकांच्या मागं लागले होते. पुण्यात माझी एक मैत्रीण आहे, सिनेमाचं संकलन तिनंच केलं. तिनं मला शिकवलं की थिएटर मिळत नाही, टीव्हीवाले विचारत नाहीत, तर आपला मोबाईल हेच आपलं थिएटर. आधी पेज काढायचं, लोकांना माणसांची ओळख करून द्यायची, मग सिनेमा. 'आमचा सिनेमा बघा हो' असं नुसतं ओरडायचं नाही. रील छोटं ठेवायचं, सुरुवातीलाच काहीतरी घडलं पाहिजे, आणि खाली अक्षरं हवीतच, कारण लोक आवाज बंद ठेवून बघतात. कुणी काही लिहिलं तर उत्तर द्यायचं, शिवी दिली तरी. यातलं शेवटचं मला काही जमलं नाही.

बाकीचं मी इमानानं केलं. शूटिंगच्या वेळचे तुकडे टाकले. एकात आई मला म्हणते, "आधी ते भगोनं घास, मंग घे तुहा शॉट." तो लोकांना फार आवडला. त्याच्याखाली कुणी लिहिलं, ही कुठली भाषा? कुणी लिहिलं, किती गावंढळ बोलतात या. आणि बऱ्याच जणांनी लिहिलं, गावंढळ आहे पण गोड आहे. मला गोड म्हणणाऱ्यांचा जास्त राग आला. आमची आई काय बत्तासा आहे? मी तसं उत्तर लिहिलं, मैत्रिणीनं पुण्याहून ते पुसून टाकलं.

मग मिठाचा तुकडा टाकला. बायको दिवसभरानं घरी येते, दारात चप्पल काढते, नवरा जेवताना मान वर करतो आणि म्हणतो, मीठ कमी हाय. तो तुकडा सुटला तो सुटलाच. कुठल्या कुठल्या गावच्या बायकांनी तो आपापल्या नवऱ्यांना पाठवला. खाली नवऱ्याला ज्या शिव्या पडल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण वाचून मला बरं वाटलं. पेज वाढलं. मैत्रीण खूश, मी खूश.

गावात मात्र भलतंच झालं. सिनेमातली बाई म्हणजे आमची आई, तर तिचा नवरा कोण, हे शोधायला गावाला काही लांब जावं लागलं नाही. बाबा पारावरून निघाले की कुणीतरी विचारायचं, "काय हो, आज मीठ बराबर हाय ना?" आणि सगळे खिदळायचे. पडद्यावरचे मास्तर आरामात फिरत होते, टोमणे बाबांना. त्यांनी ते मुकाट्यानं घेतले. मी एकदा पुन्हा विचारलं, "बाबा, एकदा पूर्ण पाहून तर घ्या, त्यात तेवढंच नाही." तेव्हा ते पहिल्यांदा स्पष्ट बोलले.

"मले माहीत हाय त्यात काय हाय ते. मले नाही पाह्याचं."

आई चुलीपुढं होती. तिनं ऐकलं, आणि त्या दिवशी ती माझ्याशीही धड बोलली नाही. मला बाबांचा इतका संताप आला होता की काय सांगू. बाई एवढी वर्षं थांबली आहे आणि या माणसाला सव्वा तास बसवत नाही!

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. मिठाचा तुकडा पाहणारे हजारोंनी होते, पण सिनेमा कुठं पाहायला मिळेल हे विचारणारं त्यांत एकही नव्हतं. लोक हसत होते आणि पुढं सरकत होते. मैत्रीण म्हणाली, अगं, यालाच पोहोच म्हणतात. मला खुर्च्या भरलेल्या हव्या होत्या. म्हणून मी साखरखेर्ड्यातल्या शाळेचा हॉल रविवारच्या सकाळसाठी मागून घेतला. आईनं मान डोलावली. तिचा हिशेब वेगळा होता.

"सारं गाव गेलं तं ते बी येतीन," ती म्हणाली. "एकटे घरी बसून काय करतीन?"

म्हणजे हॉल भरायचा तो बाबांसाठी. आता सगळा भार जाहिरातीवर आला. आमच्याकडं रीलपेक्षा ग्रुप चालतात. गावाचा ग्रुप, शेतमालाच्या भावाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, भजनी मंडळाचा, भिशीचा. एक चित्र टाकलं की चहा होईपर्यंत तालुका ओलांडून जातं. मी मोबाईलवरच पोस्टर केलं. मैत्रिणीनं बजावलं होतं की गर्दी नको, रंगांचा बाजार नको, एकच चेहरा हवा. म्हणून आईचा एक काळापांढरा फोटो घेतला. त्यात ती समोर बघते आहे, डोक्यावर पदर, चेहरा शांत. सिनेमाचं नाव बाजूला बारीक अक्षरांत उभं लिहिलं. खाली वार, वेळ आणि स्थळ. दिसायला इतकं देखणं झालं होतं की मी ते स्वतःच कितीदा उघडून पाहिलं.

हेच पोस्टर मी मेहकरच्या फ्लेक्सवाल्याकडं नेलं असतं, तर त्यानं मला हाकलून दिलं असतं. आमच्या भागात रंगीत फोटो असला की वाढदिवस, आणि काळापांढरा असला, खाली वार, वेळ, स्थळ असलं, तर ती तेरवी, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचं बोलावणं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळायला हवं होतं, पण मी पुण्याच्या डोळ्यानं पाहत होते.

सिनेमाची सगळी माहिती मी फोटोखालच्या मजकुरात लिहिली होती. पहिल्याच माणसानं पुढं पाठवताना मजकूर गाळला आणि फक्त फोटो गेला. मग सुरू झालं. भावपूर्ण श्रद्धांजली. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो. फार मायाळू बाई होत्या. कष्टाळू होत्या. कुणाला कधी वाईट बोलल्या नाहीत, हे तर साफ खोटं. एका भल्या माणसानं त्या फोटोला हार घातला, बाजूला समई लावली आणि ते आपल्या स्टेटसला ठेवलं. तिथून ते हारासकट फिरू लागलं.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आई अंगणात बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. फोन वाजला तो पिंपळगाव राजाच्या मावशीचा. आईनं उचलला आणि नेहमीसारखी म्हणाली, "बोल वं." पलीकडून मावशीनं जी किंकाळी फोडली ती मला ओट्यावर ऐकू आली. मग रडणं, आणि रडणं संपल्यावर भांडण. "मेली नाही तं मंग तेरवीचा फोटू काऊन टाकला? अन् मेली असती तं मले तेरवीले सांगनार होते काय? सख्ख्या बहीनीले?" आई समजावून सांगत होती, आणि मावशीला आता आपण जिवंत बहिणीवर रागावलो आहोत की मेलेल्या, हेच कळत नव्हतं. तिचा फोन ठेवला की दुसरा, तो ठेवला की तिसरा. माझाही फोन थांबेना.

बाबा त्या दिवशी पहाटेच वांग्यांची पाटी-पोती घेऊन पिकअपमधून खामगावच्या मार्केटला गेले होते. ते आम्हाला आठवेपर्यंत बराच वेळ गेला. मी त्यांना फोन लावला तर तो लागेना. नंतर त्यांच्या फोनवर पाहिलं, तर हार घातलेला तो फोटो तिथंही पोचला होता, आणि त्यांनी किती वेळा आईला लावला होता, किती वेळा मला. आमचे दोन्ही फोन तेव्हा नातेवाइकांची समजूत घालण्यात अडकले होते.

पिकअप दारात थांबली तेव्हा माल तसाच आत होता. बाबा उतरले. आई तोवर मेथीपाशीच बसलेली. ते फाटकात उभे राहून तिच्याकडं पाहत राहिले, आत येईनात. आई म्हणाली, "अवो, माल नाही विकला काय?" तेव्हा ते बाजेवर येऊन बसले. मी पाणी दिलं. पेल्यातलं निम्मं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. मी घाबरून पोस्टरचं सांगायला लागले, ग्रुपचं, मजकूर गळाल्याचं.

"तुह्या त्या मोबाईलले आग लाव," बाबा म्हणाले.

बरोबर होतं. शर्ट वाळल्यावर त्यांनी जमिनीकडं पाहत विचारलं, "कवा हाय ते?"

"काय?"

"तुमचा पिक्चर."

आई जुडी बांधता बांधता थांबली. रविवारी सकाळी, असं मीच सांगितलं.

पण लोकांचं काय करायचं? पोस्टर परत बोलावता येत नव्हतं. मी खुलाशाचा मजकूर लिहीत बसले, तर आई म्हणाली, दे इकडं, मीच बोलतो. मी कॅमेरा धरला. ना केस नीट केले, ना साडी बदलली, हाताला मेथीची माती तशीच. ती म्हणाली, "मी जित्ती हाय. कोणी रडू नका. रविवारी सकाळी साखरखेर्ड्याले शाळेत माहा पिक्चर हाय, त्याचा तो फोटू होता. या साऱ्यायनं. जेवन नाही, चहा हाय." आणि मला म्हणाली, "झालं, बंद कर."

मैत्रिणीनं शिकवलेल्या कुठल्याच नियमात ते बसत नव्हतं. खाली अक्षरंसुद्धा नव्हती. पण ते ज्या ज्या ग्रुपवर श्रद्धांजली गेली होती तिथं तिथं पोचलं, आणि रविवारी शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. मेलेली बाई जिवंत कशी दिसते ते पाहायला कोण नाही येणार? सिंदखेड राजाहून आले, चिखलीहून आले. मावशी आली, ती आईच्या दोन्ही गालांना हात लावून खात्री करूनच बसली.

हॉलमध्ये बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच बसले. बाबा पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटी, दाराशी. आई पहिल्या रांगेत. सिनेमा सुरू झाल्यापासून ती पडद्याकडं कमी आणि मागं जास्त पाहत होती, आणि अंधारात तिला काही दिसत नव्हतं. लोक हसले, चुकचुकले, आश्रमाच्या पंगतीत आई जेवते तिथं एकदम शांत झाले. मिठाच्या वाक्याला सगळा हॉल हसला आणि कुणीतरी शिट्टी मारली. मी बाबांच्या दिशेनं पाहिलंच नाही. माझी हिंमत झाली नाही.

सिनेमा संपल्यावर लोकांनी आईला घेरलं. तिनं भराभर सगळ्यांना चहाकडं पिटाळलं. बाबा बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसले होते. आम्ही दोघी त्यांच्यापाशी गेलो. माझ्यानंच राहवलं नाही.

"कसा वाटला?"

"चांगला हाय," बाबा म्हणाले. "एक चूक हाय."

मला वाटलं मेथीची, नाहीतर बसच्या पाटीची. म्हटलं, कोणती?

"त्याच्यात तो नवरा दिवसभर गावात दाखवला. पत्ते खेळते, झोपते. तो गावात नव्हता." ते माझ्याकडंच पाहून बोलत होते, आईकडं नाही. "मी त्या दिवशी सायकलवर माल घेऊन इथं साखरखेर्ड्यालेच आल्तो. ही मले बसच्या खिडकीत दिसली. मी हाक मारेपावतर गाडी निंगाली. मंग मी स्टँडवरच थांबलो. येईल ती हरेक गाडी पाह्यली. शेवटच्या गाडीतून उतरली ही. मंग मी पांदनीच्या आडवाटेनं सायकल मारली अन् हिच्या आंधी घरी येऊन जेवाले बसलो. दिवसभराचा उपाशी होतो."

आई उभी होती ती खाली पायरीवर बसली.

"मंग तवाच काऊन नाही इचारलं?" ती म्हणाली. "येवढी वर्षं मी वाट पाह्यली का तुमी इचारसान."

"काय इचारू?" बाबा म्हणाले. "इचारलं असतं अन् तू म्हनली असती का मी सोडून जाऊन राह्यली, तं? तू उतरली गाडीतून. तेवढंच पाह्यजे होतं मले."

आई रडली. मीही रडले, आणि मला लाजही वाटली नाही. आत खुर्च्यांच्या घड्या घालणं चालू होतं, कुणीतरी चहा उरला म्हणून ओरडत होतं. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "ते बदलता येते काय वं? तो मिठाचा?"

मी तिला समजावून सांगितलं. तो तुकडा आता कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल, कुठल्या कुठल्या गावात. आपण आपल्या पेजवरून काढला तरी तो राहणारच. लोक त्या नवऱ्याला शिव्या देतच राहणार.

"मंग त्याच्याखाली लिही," आई म्हणाली.

"काय लिहू?"

तिनं बाबांकडं पाहिलं. ते मान खाली घालून चपलेचा अंगठा सरळ करत होते. ती एक एक शब्द सांगत गेली आणि मी तिथंच उभ्या उभ्या लिहीत गेले. मग ते सगळ्यांच्या वर लावलं, म्हणजे तुकडा उघडणाऱ्याला आधी तेच दिसावं. अजूनही लोक त्याच्याखाली विचारतात की म्हणजे काय, हे सिनेमात तर नाही. आई मला उत्तर देऊ देत नाही. वर एवढंच आहे: "हा माणूस त्या दिवशी सकाळपासून उपाशी स्टँडवर उभा होता. याले कोणी काही बोलू नका."